कुटुंबवैद्यक शिक्षण

कुटुंबवैद्यक शिक्षण : वय, लिंग किंवा रोगाचा प्रकार असा भेद न करता कुटुंबातील सर्व व्यक्तींची पहिल्या भेटीपासून सातत्याने वैद्यकीय काळजी घेणाऱ्या शाखेस कुटुंबवैद्यक म्हणतात. या शाखेचे शिक्षण केवळ मोठ्या रुग्णालयात न देता लोक जेथे राहतात व काम करतात तेथे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, तालुक्याचे रुग्णालय, खाजगी दवाखाना व प्रत्यक्ष घर अशा ठिकाणी दिले जाते, तेव्हा त्यास समुदायाधिष्ठित कुटुंबवैद्यक शिक्षण असे म्हणतात. जनवैद्यकाहून (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकाहून) हा विषय निराळा आहे. जनवैद्यकात संपूर्ण लोकसमूह हा अभ्यासाचा घटक असतो, तर कुटुंबवैद्यकात समोर बसलेली व्यक्ती हाच केंद्रबिंदू असून तिचे कुटुंब, व्यवसाय व परिसर यांचा विचार तिच्या आजाराचा भाग म्हणून केला जातो. दोहोंचा मेळ घालणे हे या शिक्षणाचे उद्दिष्ट होय.

आवश्यकता : वैद्यकाचा विद्यार्थी पाहतो ते रोगी आणि समाजात प्रत्यक्ष आढळणारे रोगी यांत मोठी तफावत असते. केर व्हाइट व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये अमेरिका व ब्रिटन येथील माहितीवरून ती आकड्यांत मांडली. त्यांच्या अंदाजानुसार १,००० प्रौढ व्यक्तींपैकी एका महिन्यात ७५० जणांना काही ना काही आजार किंवा दुखापत होते. त्यांतील २५० जण डॉक्टरांचा सल्ला घेतात. ९ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागते. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविले जाते आणि विद्यापीठाशी संलग्न अशा रुग्णालयात केवळ १ जण पोहोचतो. डॉक्टरांचे बहुतेक शिक्षण मात्र या शेवटच्या एका रोग्याभोवतीच रचलेले असते. त्यामुळे दुर्मिळ रोगांची लक्षणे अचूक सांगणारा नवा डॉक्टर साध्या तापाच्या शंभर रोग्यांतून धोक्याचा एक ताप वेगळा काढण्याच्या कामी अननुभवी ठरतो. रुग्णालयातील रोगी निवडून, तपासण्या होऊन व बहुधा रोगाच्या उत्तरावस्थेत आलेला असतो. दवाखान्यातील रोगी पहिल्याच दिवशी, अस्पष्ट तक्रारी घेऊन येतो. या अनिश्चिततेत सुरक्षित निर्णय घेणे हे स्वतंत्र कौशल्य असून ते शिकवावे व शिकावे लागते.

इतिहास : पूर्वी बहुतेक सर्व डॉक्टर सामान्य व्यवसायीच असत. विसाव्या शतकात विशेषज्ञांची संख्या व प्रतिष्ठा वाढत गेली आणि सामान्य व्यवसाय हा ज्याला विशेषज्ञ होता आले नाही त्याचा मार्ग समजला जाऊ लागला. याची प्रतिक्रिया म्हणून ब्रिटनमध्ये १९५२ साली सामान्य व्यवसायींचे स्वतंत्र महाविद्यालय (पुढे ‘रॉयल कॉलेज’) स्थापन झाले. अमेरिकेत १९६९ मध्ये कुटुंबवैद्यकास विशेष शाखेचा दर्जा मिळाला. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात फोलेला येथे सिडनी व एमिली कार्क या दांपत्याने १९४० मध्ये सुरू केलेल्या आरोग्य केंद्राचे कार्य या संदर्भात मूलभूत मानले जाते. एकेका रोग्यावर उपचार करीत असतानाच संपूर्ण वस्तीचे ‘निदान’ करावयाचे, ही पद्धती तेथे विकसित झाली. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेस जागतिक धोरणाचे स्थान दिले. क्यूबाने १९८४ पासून कुटुंबडॉक्टर व परिचारिका यांची जोडी वस्तीतच ठेवण्याची योजना अंमलात आणली.

भारतातील वाटचाल : ब्रिटिश अमदानीत पदवीधर डॉक्टरांखेरीज अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले अनुज्ञाप्राप्त (लायसेन्शिएट) डॉक्टर मोठ्या संख्येने होते. मुंबई इलाख्यात १९१२ साली स्थापन झालेल्या ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ या संस्थेची एल्‌सीपीएस ही पदविका घेतलेल्या डॉक्टरांनी महाराष्ट्रातील अनेक लहान गावांत पिढ्यान्‌पिढ्या व्यवसाय केला. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने १९४६ च्या अहवालात असे निरनिराळे अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकच ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करावा, त्यास सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकाचे शिक्षण द्यावे व ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे उभारावे, अशी शिफारस केली. १९५२ पासून समूहविकास कार्यक्रमांतर्गत प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. अनुज्ञाप्राप्त डॉक्टरांची परंपरा मात्र खंडित झाली आणि तिची जागा घेणारा पदवीधर शहरातील मोठ्या रुग्णालयातच घडत राहिल्याने खेड्याकडे वळला नाही. एका दर्जाचा डॉक्टर सर्वांना मिळावा हा हेतू योग्य असला, तरी त्याच्या शिक्षणाची जागा न बदलल्याने तो अपुरा राहिला.

श्रीवास्तव समितीने (१९७५) या दोषावर बोट ठेवले. तिच्या शिफारशींच्या अनुषंगाने १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्दिग्दर्शनाची योजना सुरू झाली व प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची आरोग्यविषयक जबाबदारी घ्यावी असे ठरले. फिरते दवाखाने पुरविण्यात आले. परंतु अनेक ठिकाणी महाविद्यालयांतील उपचारात्मक विभागांनी तीत पुरेसे लक्ष न घातल्याने योजना जनवैद्यक विभागापुरती उरली. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने कुटुंबवैद्यकातील तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या शाखेवर भर देण्यात आला आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ अन्वये कुटुंबवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना उत्तेजन देणे हे पदव्युत्तर शिक्षण मंडळाचे कर्तव्य ठरविण्यात आले. २०२१-२२ च्या तुकडीपासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब-दत्तक कार्यक्रम लागू झाला. त्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात व पदवीच्या काळात तो त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवतो. २०२१ च्या नियमांनुसार आंतरवासितेतील १२ आठवडे जनवैद्यकासाठी आहेत, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांच्या व्यवस्थेत काम करणे आवश्यक करण्यात आले आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग : सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी खेड्यात शिबिरासाठी राहावे व तेथील कुटुंबांशी पुढेही संबंध ठेवावा, अशी प्रथा आरंभापासून पडली. देशभर लागू झालेल्या कुटुंब-दत्तक कार्यक्रमाचे बीज अशा प्रयोगांत आढळते. जामखेड (जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिक्षण दिले. या कार्यासाठी त्यांना १९७९ चे मॅगसायसाय पारितोषिक लाभले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढून घरच्या घरी नवजात अर्भकाची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या प्रयोगांनी डॉक्टरांच्या शिक्षणास एक महत्त्वाचा धडा दिला : गावातील आरोग्याची पुष्कळशी माहिती व कौशल्य डॉक्टरेतर व्यक्तींपाशी असते आणि डॉक्टरने त्यांचा शिक्षक होण्यापूर्वी काही काळ त्यांचा विद्यार्थी व्हावे लागते.

रायगड जिल्ह्यातही (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) या विषयास आधारभूत अशी दोन उदाहरणे आढळतात. अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७०–८० या दशकात गावातील स्त्रियांना प्राथमिक उपचार व रोगप्रतिबंध यांचे शिक्षण देण्याचा प्रयोग केला. दुसरे उदाहरण महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्राचे आहे. येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना लाल विंचवाच्या दंशाचे अनेक गंभीर रोगी पाहावयास मिळाले. या विषामुळे शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोट उसळून रक्तदाब वाढतो, हृदय दुर्बल होते व फुप्फुसांत पाणी साठून रोगी दगावतो. रोग्यांच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींवरून त्यांनी हा क्रम स्पष्ट केला आणि १९८३ च्या सुमारास प्राझोसीन या स्वस्त, तोंडाने देता येणाऱ्या औषधाचा वापर सुरू केला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी सुमारे ३०% दगावत. हे प्रमाण पुढे ३ टक्क्यांच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. तालुक्याच्या पातळीवरील डॉक्टर हा केवळ इतरांचे ज्ञान वापरणारा नसून ज्ञान निर्माण करणाराही असू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

पेण व रोहा : समुदायाधिष्ठित शिक्षणात कोणता परिसर निवडला यास महत्त्व असते. त्या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे शेजारचे तालुके लक्षणीय आहेत. थोड्या अंतरात खाडीकाठ, भातखाचरे, डोंगरातील आदिवासी वाड्या, बाजारपेठेची गावे व रासायनिक कारखाने असे पाच प्रकारचे लोकजीवन येथे एकत्र येते. दोन्ही ठिकाणी शासकीय रुग्णालये असून त्यांच्या वर अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. अलिबाग येथे २०२१-२२ पासून १०० विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातच वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली आहे.

पेण हे भोगावती नदीकाठचे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मूर्तिकारखान्यांत प्लॅस्टरची धूळ व रंग यांच्याशी दीर्घकाळ संपर्क येतो, तर मिठागरांवरील कामगारांना पायांच्या त्वचेच्या व उन्हाच्या परावर्तनामुळे डोळ्यांच्या तक्रारी उद्भवतात. कुंडलिका नदीकाठच्या रोह्यालगत धाटाव येथे रासायनिक उद्योगांची वसाहत आहे व याच तालुक्यात नागोठणे येथे खनिज तेल रसायनांचे मोठे संकुल आहे. रोग्यास ‘आपला धंदा कोणता’ हा प्रश्न विचारावा, असे इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झीनी यांनी १७०० सालीच सांगून ठेवले होते. अशा परिसरात तो प्रश्न औपचारिक राहत नाही. खोकला, अंगावरील चट्टे किंवा डोकेदुखी यांचे मूळ अनेकदा त्याच्या उत्तरात सापडते.

पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात तासन्‌तास उभे राहावे लागते व त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. ताप, पोटऱ्यांतील तीव्र वेदना व डोळ्यांची लाली या लक्षणांवरून तो ओळखून डॉक्सिसायक्लीन किंवा पेनिसिलीन वेळीच दिल्यास रोगी वाचतो. कावीळ दिसून मूत्रपिंडे निकामी होईपर्यंत थांबल्यास मोठे रुग्णालयही कित्येकदा अपुरे पडते. सर्पदंशाचेही तसेच. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही व त्याची खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या रोग्याच्या पापण्या जड होत असल्याचे ध्यानात घेणारा डॉक्टर त्याचा प्राण वाचवू शकतो. विषारी दंशाची लक्षणे स्पष्ट असताना प्रतिविषाची प्रतिक्रिया येईल या भीतीने ते न देता रोग्यास तसेच पुढे पाठविणे, ही नव्या डॉक्टरांची घातक चूक असते. ॲड्रेनॅलीन हाताशी ठेवून पहिली मात्रा जागीच देणे व मगच रोगी हलविणे हे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष केल्यावाचून अंगवळणी पडत नाही.

या दोन्ही तालुक्यांतील कातकरी समाज विशेष दुर्बल आदिम गटांत मोडतो. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालयही पेण येथे आहे. पावसाळा संपल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात. क्षयरोगाचा उपचार साधारणतः सहा महिने अखंड चालावा लागतो. भाद्रपदात उपचार सुरू केलेला रोगी कार्तिकात दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तर औषध तुटते, रोग बळावतो व जंतू औषधाला न जुमानणारे होण्याचा धोका उद्भवतो. रुग्णालयात शिकलेला डॉक्टर अशा रोग्यास ‘उपचार अर्धवट सोडणारा’ म्हणून नोंदवितो. वाडीवर जाऊन आलेला डॉक्टर औषध लिहिण्यापूर्वीच ‘कामाला कोठे जाणार, मुकादम कोण, परत केव्हा येणार’ हे विचारतो व तेथील केंद्रास कळवून औषधाची सोय करतो. रोग, औषध व पाठ्यपुस्तक तेच असूनही एकाचा रोगी बरा होतो व दुसऱ्याचा होत नाही. मुलांचे लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी व कुपोषित बालकांचा आहार यांनाही हीच गोष्ट लागू पडते.

शिक्षणपद्धती : अशा शिक्षणाची प्रमुख अंगे पुढीलप्रमाणे आहेत. (१) कुटुंबाशी दीर्घ संबंध : विद्यार्थ्याकडे ठराविक कुटुंबे सोपवून जन्म, आजार, मृत्यू, कर्ज, स्थलांतर अशा घटनांची नोंद ठेवण्यास सांगतात. रोग हा प्रसंग नसून कुटुंबाच्या इतिहासाचा भाग आहे, हे यातून उमगते. (२) गृहभेट : पाण्याचा साठा, चुलीचा धूर, औषधे ठेवण्याची जागा व घरातील निर्णय कोणाच्या हाती आहेत, या गोष्टी दवाखान्यात कळत नाहीत. मधुमेही स्त्रीस पथ्य सांगताना घरात सर्वांसाठी एकच भात शिजतो, याची जाणीव घर पाहिल्यानेच होते. (३) दवाखान्यातील काम : शिक्षकासमोर रोगी तपासून प्रत्येक निर्णयाचे कारण सांगावे लागते. कोणती तपासणी टाळता येईल, कोणत्या लक्षणासाठी लगेच परत यावयास सांगावे व किती दिवस वाट पाहणे सुरक्षित आहे, यांवर भर असतो. (४) सहकाऱ्यांसह काम : आशा कार्यकर्ती (२००५ पासून), परिचारिका, अंगणवाडी सेविका व २०१८ पासून उपकेंद्रांवर नेमले जाऊ लागलेले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याबरोबर काम करण्यास विद्यार्थी शिकतो. (५) रोगी पुढे पाठविणे : कोणास, केव्हा, कोणत्या प्राथमिक उपचारानंतर व कोणत्या चिठ्ठीसह पाठवावे आणि परत आल्यावर पुढील काळजी कशी घ्यावी, हे शिकविले जाते. (६) वस्तीचे निदान : वर्षभराच्या नोंदींवरून त्या वस्तीतील प्रमुख रोग व त्यांची कारणे ठरवून एखादा उपाय योजावयाचा व त्याचा परिणाम मोजावयाचा असतो.

शासकीय निकषांनुसार सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ अथवा आदिवासी प्रदेशात २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तसेच अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र असते. एवढ्या लोकवस्तीत वर्षभर राहिलेल्या विद्यार्थ्यास बहुतेक सामान्य रोग त्यांच्या सर्व अवस्थांत पाहावयास मिळतात. काही दिवसांच्या सहलीवजा भेटींनी मात्र हे साध्य होत नाही.

अडचणी व मर्यादा : पहिली अडचण शिक्षकांची आहे. तालुक्यात अनेक वर्षे व्यवसाय करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना महाविद्यालयात अध्यापकाचे स्थान सहसा नसते, तर महाविद्यालयीन अध्यापकांना तालुक्याच्या व्यवसायाचा अनुभव नसतो. दुसरी अडचण परीक्षापद्धतीची आहे. पदव्युत्तर प्रवेश लेखी स्पर्धापरीक्षेवर अवलंबून असल्याने आंतरवासितेचा काळ पुष्कळदा अभ्यासिकेत जातो. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतील पदवीधरांवर एक वर्षाच्या सेवेचे बंधन आहे. परंतु बंधन म्हणून काढलेले वर्ष व शिक्षण म्हणून घालविलेले वर्ष यांत फरक असतो. मार्गदर्शकाविना, राहण्याची सोय नसलेल्या ठिकाणी एकट्याने काढलेले वर्ष नव्या डॉक्टरास खेड्याची ओढ लावण्याऐवजी त्यापासून दूर नेण्याचा संभव असतो. तिसरी अडचण म्हणजे कुटुंबवैद्यकाच्या पदव्युत्तर जागा इतर शाखांच्या मानाने थोड्या आहेत व पदवी घेतल्यावर तिला साजेशी स्वतंत्र पदे आरोग्यसेवेत अल्प आहेत.

याखेरीज एक नैतिक प्रश्नही उपस्थित होतो. अनुभवहीन डॉक्टरास देखरेखीविना खेड्यात पाठविणे म्हणजे गरीब रोग्यास शिक्षणाचे साधन बनविणे होय. ज्या कुटुंबाच्या घरात विद्यार्थी वर्षानुवर्षे जातो, त्यास नोंदवहीतील माहितीच्या मोबदल्यात प्रत्यक्ष सेवा मिळाली पाहिजे. नाही तर पुढील तुकडीस ती दारे बंद होतात. म्हणून जेथे हे शिक्षण यशस्वी झाले आहे, तेथे शिक्षक स्वतः त्या परिसराच्या आरोग्यास बांधील राहिलेले दिसतात. नवा डॉक्टर व्याख्यानांपेक्षा त्यांच्या वागण्यातूनच अधिक शिकतो. किती विद्यार्थी शिकून गेले, यापेक्षा ज्या वाड्यांनी त्यांना शिकविले तेथील मातांचे व बालकांचे आरोग्य किती सुधारले, हीच या शिक्षणाची खरी कसोटी मानली जाते. [⟶ ग्रामीण आरोग्य, वैद्यकीय शिक्षण].